एक कामगार ठेवला तरी लागू: छोट्या उद्योगासाठी अपघात भरपाई आणि विम्याचा हिशेब

भोसरीच्या शेडमध्ये, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर, नाशिकच्या अंबडमधल्या गाळ्यांत एक वाक्य हमखास कानावर पडतं: "आमच्याकडे दहा माणसं नाहीत, आम्हाला काही लागू नाही." हे वाक्य अर्धंच खरं आहे. दहाचा आकडा ईएसआयसाठी, म्हणजे राज्य कामगार विमा योजनेसाठी आहे. कामावर असताना कामगाराला इजा झाली तर भरपाई देण्याची मालकाची जबाबदारी मात्र पहिल्या माणसापासून सुरू होते. नेमकी सहा-सात माणसांची वर्कशॉप यामुळे सगळ्यात उघड्यावर असतात. ईएसआय नाही, पॉलिसी नाही, आणि जबाबदारी पूर्ण.

हा लेख त्या मालकांसाठी आहे. कायदा काय मागतो, किती रकमेची जोखीम डोक्यावर आहे, ती कशी उतरवायची, खर्च किती येतो आणि अपघात झालाच तर काय करायचं, असा क्रम धरला आहे. हिशेब सगळे करून दाखवले आहेत. तुमचे आकडे घालून ते पुन्हा करा.

आधी कायदा कुठे आहे ते पाहू

जवळपास शंभर वर्षं हा विषय १९२३ च्या कायद्याखाली होता. जुने लोक त्याला अजूनही 'वर्कमन कॉम्पेन्सेशन' म्हणतात. २०१० पासून त्याचं नाव कर्मचारी नुकसानभरपाई कायदा झालं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि हा कायदा व १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा, दोन्ही सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये आले. भरपाईचा सांगाडा बहुतांशी तोच राहिला आहे. त्यामुळे एजंट जुन्या नावाची पॉलिसी दाखवत असेल तर घाबरू नका, पण पॉलिसीच्या मजकुरात नव्या संहितेचा उल्लेख आहे ना, एवढं तपासा. संहिता लागू होण्याआधीच्या अपघातांचे दावे जुन्या कायद्याच्या आधारेच पाहिले जातात.

मूळ तत्त्व थोडक्यात असं: कामामुळे आणि कामाच्या ओघात अपघात झाला, तर मालकाने भरपाई द्यायची. मालकाची चूक होती का, हा प्रश्नच नाही. कामगाराचं लक्ष नव्हतं, त्याने घाई केली, असं म्हणून सुटका होत नाही.

अपवाद मोजके आहेत. काम करण्याची क्षमता तीन दिवसांपेक्षा जास्त गेली नसेल तर भरपाई लागत नाही. कामगार नशेत असेल, सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडला असेल किंवा मशीनवर बसवलेलं सुरक्षेचं गार्ड जाणूनबुजून काढलं असेल, तरी भरपाई नाकारता येते. पण मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, तर यातलं एकही कारण चालत नाही. शिवाय 'जाणूनबुजून' हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर असते. पॉवर प्रेसवर प्रॉडक्शन वाढावं म्हणून गार्ड सुपरवायझरनेच काढून ठेवलेलं असतं, हे ज्याने प्रेस शॉप पाहिलं आहे त्याला माहीत आहे. तिथे हा बचाव पहिल्याच साक्षीत कोसळतो.

येण्या-जाण्यातल्या अपघातांबद्दल आता चित्र बरंच स्पष्ट आहे. मराठवाड्यातल्या एका साखर कारखान्याच्या वॉचमनची ड्यूटी पहाटे तीन ते अकरा अशी होती. २००३ मध्ये मोटरसायकलवरून कामावर येताना, कारखाना सुमारे पाच किलोमीटरवर असताना तो अपघातात गेला. भरपाईचा आदेश झाला, उच्च न्यायालयात तो रद्द झाला, आणि जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला. घर ते कामाची जागा या प्रवासातला अपघात, वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध दिसत असेल तर कामाच्या ओघातलाच मानायचा, असं न्यायालयाने म्हटलं. संहितेत तर हे थेट लिहिलेलंच आहे. ज्यांच्याकडे रात्रपाळीचे कामगार असतील त्या मालकांनी ही गोष्ट गंभीरपणे घ्यावी.

पायरी पहिली: माणसं मोजा, आणि खरी मोजा

एका कागदावर तुमच्या जागेत काम करणाऱ्या प्रत्येकाचं नाव लिहा. मस्टरवरचे (हजेरीपटावरचे), मस्टरवर नसलेले, रोजंदारीवरचे, ठेकेदाराने आणलेले, पगार घेणारा पुतण्या, सगळे. प्रत्येकासमोर वय, खरा महिन्याचा पगार आणि खरं काम लिहा. 'हेल्पर' लिहून थांबू नका. तो ग्राइंडरवर बसतो की माल चढवतो, ते लिहा.

आता या यादीचे गट पडतील. एकूण माणसं दहा किंवा जास्त असतील तर तुमची आस्थापना ईएसआयखाली येते. मोजताना जास्त पगारवाले आणि ठेकेदाराचे कामगारही धरायचे. त्यातल्या महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांची नोंदणी ईएसआयमध्ये होते. अपंग कर्मचाऱ्यांसाठी ही मर्यादा २५,००० आहे. ज्यांचा विमा ईएसआयमध्ये आहे त्यांच्या अपघाताची भरपाई ईएसआय महामंडळ देतं, आणि त्या कामगाराला तुमच्याकडे वेगळी भरपाई मागता येत नाही.

दहाच्या वरच्या आस्थापनेतही २१,००० पेक्षा जास्त पगारवाले ईएसआयच्या बाहेर राहतात. सीएनसीवरचा (संगणकावर चालणाऱ्या यंत्रावरचा) अनुभवी ऑपरेटर, मेंटेनन्सचा वायरमन, सुपरवायझर. त्यांची जबाबदारी तुमचीच. "आमचं ईएसआय आहे" म्हणणाऱ्या कित्येक मालकांच्या ध्यानात हे येतच नाही. आणि माणसं दहापेक्षा कमी असतील, तर सगळ्यांचीच जबाबदारी तुमची.

या दोन गटांसाठी भरपाईची पॉलिसी लागते. ती काढणं कायद्याने सरसकट सक्तीचं नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. सक्ती जबाबदारीची आहे. विमा नसेल तर पैसे तुमच्या खिशातून जातात, एवढाच फरक. काही मोठ्या कंपन्या मात्र व्हेंडरला गेट पास देण्याआधी पॉलिसी मागतात, आणि तिथे ती व्यवहारात सक्तीचीच होऊन बसते.

सगळी कामं कायद्याच्या यादीत बसतात का? यादी लांब आहे. यंत्रावरचं उत्पादन, बांधकाम, वाहन चालवणं, गोदाम, वीजकाम, ट्रॅक्टरने होणारी शेती असं बरंच काही तिच्यात आहे. २००९ च्या दुरुस्तीने कारकुनी कामाचा अपवादही काढून टाकला. फक्त दुकानाच्या काउंटरवर बसणाऱ्या माणसाच्या बाबतीत वाद होऊ शकतो. पण अशा माणसाच्या बाबतीतही निष्काळजीपणाबद्दल दिवाणी दावा होऊ शकतो, आणि पॉलिसीत तीही जबाबदारी घेता येते.

पायरी दुसरी: जोखीम किती रुपयांची आहे?

हा हिशेब मालक करतच नाहीत, आणि म्हणून प्रीमियम महाग वाटतो. सूत्र सोपं आहे. कामगाराच्या वयानुसार कायद्यात एक गुणक दिलेला आहे. वय कमी तेवढा गुणक मोठा. २० वर्षांला २२४.००, २५ ला २१६.९१, ३० ला २०७.९८, ३५ ला १९७.०६, ४० ला १८४.१७, ४५ ला १६९.४४ आणि ५० ला १५३.०९.

मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या ५० टक्के गुणिले हा गुणक. कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास ६० टक्के गुणिले गुणक. हिशेबासाठी वेतनाची वरची मर्यादा ३ जानेवारी २०२० पासून १५,००० रुपये आहे. त्याआधी ती ८,००० होती. पगार २०,००० असला तरी हिशेब १५,००० वरच होतो. ही मर्यादा केंद्र सरकार अधिसूचनेने बदलतं, म्हणून दरवर्षी पॉलिसी नवी करताना त्या दिवसाचा आकडा पाहून घ्या.

२५ वर्षांचा हेल्पर, पगार १४,०००. मृत्यूची भरपाई ७,००० गुणिले २१६.९१, म्हणजे १५,१८,३७० रुपये. पूर्ण अपंगत्वाची ८,४०० गुणिले २१६.९१, म्हणजे १८,२२,०४४ रुपये. ४० वर्षांचा वेल्डर, पगार १५,००० किंवा जास्त, तर मृत्यूची भरपाई १३,८१,२७५ रुपये. अंत्यविधीचा खर्च वेगळा.

अंशतः अपंगत्वात इजेची टक्केवारी ठरलेली आहे. अंगठा गेला तर ३० टक्के, एका हाताची दोन बोटं गेली तर २०, तीन गेली तर ३०, चारही गेली तर ५०. फक्त तर्जनी पूर्ण गेली तर १४. प्रेस शॉपमध्ये सगळ्यात जास्त होणाऱ्या इजा याच. वरच्याच हेल्परचा अंगठा गेला तर १८,२२,०४४ च्या ३० टक्के, म्हणजे सुमारे ५,४६,६१३ रुपये. दोन बोटं गेली तर सुमारे ३,६४,४०९.

यादीत नसलेल्या इजेची टक्केवारी डॉक्टर ठरवतात. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. टक्केवारी शरीराची नसून कमाईच्या क्षमतेची असते. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एका सुताराचं प्रकरण आलं होतं. त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमाईची क्षमता शंभर टक्के गेली, असं धरून दिलेली भरपाई न्यायालयाने कायम केली. बोटांवर पोट असलेल्या कारागिराच्या बाबतीत यादीतला आकडा हा शेवटचा शब्द समजू नका.

तात्पुरतं अपंगत्व असेल, म्हणजे हात फ्रॅक्चर झाला आणि दोन महिने घरी बसावं लागलं, तर दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के द्यायचे. महिन्याचे धरले तर निम्मा पगार. अपंगत्व २८ दिवसांपेक्षा कमी टिकलं तर पहिले तीन दिवस वगळतात. २८ दिवस किंवा जास्त असेल तर पहिल्या दिवसापासून मोजतात. याखेरीज उपचाराचा प्रत्यक्ष खर्च पूर्ण मालकाचा, आणि त्याला कायद्यात वरची मर्यादा नाही. प्लॅस्टिक सर्जरी, आयसीयू, बोट जोडण्याची शस्त्रक्रिया यांची खासगी हॉस्पिटलची बिलं कधीकधी भरपाईपेक्षा मोठी होतात.

पायरी तिसरी: ईएसआय

दहा माणसं झाली की नोंदणी ऑनलाइन करायची, पंधरा दिवसांच्या आत. एकदा आस्थापना आत आली की नंतर माणसं आठ झाली तरी बाहेर पडता येत नाही.

वर्गणी १ जुलै २०१९ पासून अशी आहे: मालकाची ३.२५ टक्के, कामगाराची ०.७५ टक्के. १४,००० पगारावर तुमचे ४५५ रुपये आणि कामगाराचे १०५. अशी बारा माणसं असतील तर तुमचा वाटा महिना ५,४६०, वर्षाला ६५,५२० रुपये. पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत चलन भरायचं. मालकाचा वाटा कामगाराच्या पगारातून कापणं बेकायदेशीर आहे, मग त्याला काहीही नाव द्या.

या पैशात जे मिळतं ते अपघाताच्या पॉलिसीपेक्षा बरंच मोठं आहे. कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला उपचार, आजारपणात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन, कामावरच्या इजेत बरं होईपर्यंत ९० टक्के वेतन, कायमचं अपंगत्व आलं तर दरमहा निवृत्तिवेतन, आणि मृत्यू झाला तर कुटुंबाला दरमहा लाभ. ईएसआयच्या दवाखान्यांबद्दल, अंतराबद्दल आणि रांगांबद्दल तक्रारी आहेत आणि त्या खऱ्या आहेत. तरीही १४,००० कमावणाऱ्या घरासाठी याच्या जवळपास जाणारी दुसरी सोय बाजारात ४५५ रुपयांत मिळत नाही. दहापेक्षा कमी माणसं असली तरी मालक आणि बहुसंख्य कामगार तयार असतील तर स्वेच्छेने ईएसआयमध्ये जाता येतं. आठ-नऊ माणसांच्या युनिटने हा पर्याय विचारात घ्यावाच, असं माझं ठाम मत आहे.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, नवा माणूस ज्या दिवशी कामावर येतो त्याच दिवशी त्याचा विमाधारक क्रमांक काढा. "महिनाभर टिकतो का बघू, मग नाव घालू" या सवयीने अनेक मालक अडकले आहेत. मशीन नवं आणि हात सरावलेला नाही, म्हणून इजेचा धोका पहिल्या दिवसांतच जास्त. अपघातानंतर केलेल्या नोंदणीची चौकशी होते, आणि कामगाराला दिलेल्या लाभाची रक्कम मालकाकडून वसूल होऊ शकते.

पायरी चौथी: पॉलिसी काढताना

बाजारात तिला डब्ल्यूसी (वर्कमन कॉम्पेन्सेशन) पॉलिसी किंवा एम्प्लॉईज कॉम्पेन्सेशन पॉलिसी म्हणतात. सरकारी आणि खासगी, दोन्ही साधारण विमा कंपन्या देतात. प्रीमियम वर्षभराच्या एकूण वेतनावर, दर हजारी किती या दराने ठरतो. दर कामावर अवलंबून असतो. टेबलावर बसणाऱ्याचा अगदी कमी, लेथवरच्याचा जास्त, उंचीवर काम करणाऱ्या फॅब्रिकेटरचा किंवा बांधकामावरच्या माणसाचा त्याहून जास्त. मागच्या वर्षांचे दावेही पाहतात. दर प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, म्हणून निदान तीन ठिकाणचे कोटेशन घ्या.

हिशेब कसा बसतो ते दाखवतो. सात माणसांचं वर्कशॉप, सगळ्यांचा मिळून महिन्याचा पगार १,१०,०००, म्हणजे वर्षाचा १३,२०,०००. केवळ उदाहरण म्हणून हजारी ८ रुपये दर धरू. प्रीमियम १०,५६०. उपचारखर्चाच्या वाढीव कव्हरचे २,००० धरू. एकूण १२,५६०, त्यावर १८ टक्के जीएसटी २,२६१, म्हणजे सुमारे १४,८२१ रुपये. महिन्याला माणशी १७६ च्या आसपास. तुमच्या धंद्याचा दर याच्या दुप्पट निघाला तरी वरच्या पाच लाख सेहेचाळीस हजारांच्या अंगठ्याशेजारी तो आकडा ठेवून पाहा.

कोटेशन हातात आल्यावर रकमेआधी अटी वाचा.

उपचारखर्च. साध्या पॉलिसीत तो नसतो किंवा माणशी फार लहान मर्यादेत असतो. कायद्याने तुमची जबाबदारी अमर्याद आणि पॉलिसीत २५,००० ची मर्यादा, असं झालं तर फरक तुमचा. मर्यादा वाढवून घ्या. इथे वाचवलेले पैसे सगळ्यात महाग पडतात.

व्याज आणि दंड. भरपाई वेळेत दिली नाही तर जुन्या कायद्यात १२ टक्के सरळ व्याज आणि रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड होता. व्याज आणि दंड, दोन्ही संहितेतही आहेत. दंड हा मालकाच्या दिरंगाईचा असतो, तो विमा कंपनीवर टाकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्येच सांगितलं आहे. व्याज मात्र पॉलिसीत स्पष्ट वगळलेलं नसेल तर कंपनीला द्यावं लागतं. म्हणून व्याज वगळणारं कलम आहे का ते शोधा, आणि असेल तर ते काढून देण्याचा आग्रह धरा. प्रकरण चार वर्षं चाललं तर व्याजच मूळ रकमेच्या जवळपास निम्मं होतं.

ठेकेदाराचे कामगार, व्यवसायजन्य आजार, येण्या-जाण्यातला अपघात. प्रत्येकाबद्दल 'आहे' किंवा 'नाही' असं उत्तर लेखी घ्या. फाउंड्री, दगड किंवा काचेचं काम असेल तर सिलिकाच्या धुळीमुळे होणारा फुफ्फुसांचा आजार विसरू नका. तो कायद्याच्या यादीत आहे.

नावासह की नावाविना. माणसं सतत बदलत असतील तर नाव नसलेली, संख्या आणि कामाच्या प्रकारानुसार असलेली पॉलिसी सोयीची. पण मग संख्या खरी हवी. सहांची पॉलिसी आणि शेडमध्ये नऊ माणसं, असं असेल तर दाव्याच्या वेळी पहिला वाद तिथेच होतो.

पगार कमी दाखवण्याबद्दल स्वतंत्रपणे लिहायला हवं. मस्टरवर ८,०००, हातात १४,०००, फरक रोख. प्रीमियम थोडा वाचतो. अपघातानंतर कामगार खरा पगार सिद्ध करतो, सहकारी साक्ष देतात, न्यायालय १४,००० वर भरपाई ठरवतं आणि विमा कंपनी ८,००० पुरतेच पैसे देते. उरलेले सहा लाखांच्या घरातले पैसे मालकाचे. शिवाय कुटुंबाला खरा पगार सिद्ध करण्यासाठी वर्षानुवर्षं झगडावं लागतं, ही त्यातली अधिक वाईट गोष्ट. पगार बँकेतून द्या, पॉलिसीत पूर्ण दाखवा. वर्षाच्या शेवटी प्रत्यक्ष वेतनाचा तक्ता कंपनीला देऊन प्रीमियम जुळवून घेता येतो, त्यामुळे सुरुवातीचा अंदाज थोडा चुकला तरी अडत नाही. वर्षाच्या मध्ये माणसं वाढली तर मात्र लगेच कळवा आणि वाढीव एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीतल्या बदलाची लेखी नोंद घ्या.

ठेकेदार, ड्रायव्हर आणि इतर विमे

तुमच्या नेहमीच्या धंद्याचं काम तुमच्याच जागेत ठेकेदाराकडून करून घेत असाल, उदाहरणार्थ कास्टिंगचं फेटलिंग (ओतीव मालाची साफसफाई) किंवा पॅकिंग, तर ठेकेदाराच्या कामगाराला भरपाई देण्याची जबाबदारी मूळ मालक म्हणून तुमच्यावर येते. नंतर ठेकेदाराकडून वसूल करण्याचा हक्क तुम्हाला आहे. पण ज्याच्याकडे स्वतःचं ऑफिसही नाही त्याच्याकडून पंधरा लाख कसे वसूल होणार? म्हणून काम सुरू होण्याआधी त्याच्या पॉलिसीची किंवा ईएसआय चलनाची प्रत मागा, तारखा तपासा, आणि ते नसेल तर त्याची माणसं आपल्या पॉलिसीत घ्या व तो खर्च बिलातून वळता करा. छताचा पत्रा बदलायला आलेल्या माणसाचं काम तुमच्या नेहमीच्या धंद्याचा भाग नसतं, त्यामुळे तिथे जबाबदारीवर वाद होऊ शकतो. पण जुन्या सिमेंट पत्र्यावरून पडून माणसं मरतात. वाद जिंकण्याच्या भरवशावर कोणाला वर चढवू नका.

टेम्पोचा ड्रायव्हर आणि क्लीनर यांची जबाबदारी वाहनाच्या विम्यात घेता येते. मोटर पॉलिसीत पगारी ड्रायव्हरचा प्रीमियम भरला आहे का, ते पाहा. ड्रायव्हर गोदामात मालही चढवत असेल तर त्याला भरपाईच्या पॉलिसीतही धरा.

गट अपघात विमा आणि भरपाईची पॉलिसी यांची गल्लत सर्रास होते. गट अपघात विमा ठरलेली रक्कम देतो, तुमची कायदेशीर जबाबदारी संपवत नाही. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचंही तसंच. वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूला दोन लाख मिळतात, म्हणून प्रत्येक कामगाराचा अर्ज बँकेत भरून घ्यावा. पण ते पैसे तुमच्या भरपाईतून वजा होत नाहीत.

कागद

मस्टर, बँकेतून दिलेल्या पगाराच्या नोंदी आणि वयाचा पुरावा हे तीन कागद दाव्याचा कणा असतात. गुणक वयावर ठरतो, म्हणून आधार कार्डावरची जन्मतारीख आणि शाळेचा दाखला यात फरक असेल तर तो आजच पाहा. प्रत्येकाच्या कुटुंबाची माहिती, गावचा पत्ता आणि घरातल्या एकाचा फोन नंबर फाइलला ठेवा. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाहून आलेल्या मुलाचा अपघात झाला आणि घरी कोणाला कळवायचं हेच कोणाला माहीत नाही, असं होऊ नये.

कामावर घेताना कामगाराला भरपाईच्या हक्काची लेखी माहिती द्यायची, हे २०१७ पासून मालकाचं कर्तव्य आहे. मराठीत द्या, आणि ज्याला मराठी येत नाही त्याला हिंदीत. एक पान पुरतं. त्यावर सही घेऊन ठेवा.

अपघात झाला तर

आधी हॉस्पिटल. बोट तुटलं असेल तर ते स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून ती पिशवी बर्फात ठेवा आणि सोबत न्या. बोट थेट बर्फात घालू नका. हॉस्पिटलमध्ये इजा कामावर झाली हे खरं सांगा. "घरी पडला" असं लिहून घेतलं की पुढे विमा कंपनी तोच कागद पुढे करून दावा नाकारते, आणि तेव्हा मालक आणि कामगार दोघंही अडकतात.

मशीन आणि जागेचे फोटो काढा, तिथे असलेल्यांची नावं लिहा, काही हलवू नका. त्याच दिवशी विमा कंपनीला ईमेलने कळवा, एजंटला फोन करून थांबू नका. ईएसआय असेल तर पोर्टलवर अपघाताचा अहवाल भरा. नोंदणीकृत कारखाना असेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला कळवावं लागतं. मृत्यू किंवा गंभीर इजा झाली असेल आणि ईएसआय लागू नसेल, तर भरपाईचे दावे ठरवणाऱ्या प्राधिकाऱ्याकडे सात दिवसांत अहवाल द्यायचा. मृत्यूच्या प्रकरणात पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदन अहवालाशिवाय दावा पुढे सरकत नाही.

आणि आता ती चूक, जी चांगल्या मनाचे मालकही करतात. चार माणसं मध्ये बसतात, कुटुंबाला दोन-तीन लाख रोख दिले जातात, स्टॅम्प पेपरवर "यापुढे काही मागणी नाही" असं लिहून घेतलं जातं. कायद्याने हक्क सोडून देण्याचा असा करार रद्दबातल असतो. मृत्यूच्या प्रकरणात भरपाई थेट वारसांच्या हातात दिली तर ती दिली असं धरलंच जात नाही. रक्कम प्राधिकाऱ्याकडे जमा करावी लागते, आणि ती विधवा, मुलं, आई-वडील यांच्यात कशी वाटायची ते तो ठरवतो. अल्पवयीन मुलांचा वाटा सुरक्षित राहावा, यासाठीच ही तरतूद आहे. कुटुंबाला लगेच मदत हवीच असते, तर तीन महिन्यांच्या वेतनाइतकी आगाऊ रक्कम पावती घेऊन देता येते, आणि ती पुढे जमा धरली जाते. इजेच्या प्रकरणात आपसात रक्कम ठरली तर तो करार प्राधिकाऱ्याकडे नोंदवून घ्या.

भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते आणि महिन्याभरात भरली नाही तर व्याज व दंडाचा प्रश्न येतो. कामगाराला दावा करायला दोन वर्षं मिळतात, त्यामुळे "अजून केस झाली नाही" म्हणून वाट पाहण्यात मालकाचंच नुकसान आहे. भरपाईच्या रकमेवर वाद असला, तरी जेवढी जबाबदारी तुम्हाला मान्य आहे तेवढी रक्कम लगेच जमा करा. विमा कंपनी मंजुरीला वेळ लावत असेल तर तिला मुदतीची आठवण करून देणारं पत्र पाठवा, त्याची पोच ठेवा, आणि शक्य असेल तर रक्कम स्वतः भरून नंतर कंपनीकडून घ्या. महाराष्ट्रात हे दावे जुन्या कायद्याखाली कामगार न्यायालयात आणि काही जिल्ह्यांत वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांपुढे चालत आले आहेत. तुमच्या जिल्ह्यात जमा नेमकी कुठे आणि कोणाच्या नावे करायची, हे जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयातून आजच विचारून पॉलिसीच्या फाइलवर लिहून ठेवा.